विस्तवावरचा पहारा

प्रायमस स्टोच्या टाकीवर, रॉकेल ओतायच्या झाकणापाशी, पितळेची एक चिमुकली चावी असे. ती ढिली केली की टाकीतली हवा फुस्स करून बाहेर पडे आणि जाळ बसे. पेणच्या बाजारात काकांच्या दुकानात मी स्टोदुरुस्ती शिकायला बसलो, तेव्हा त्यांनी आधी हीच चावी हातात दिली. पिन मारणं, वायसर बदलणं, बर्नर उतरवणं सगळं नंतर. चावी आटे न बिघडवता काढायची, रॉकेलमध्ये धुवायची, परत बसवायची. दुरुस्तीला येणाऱ्या कितीतरी स्टोंची चावी कुणीतरी पकडीनं इतकी आवळलेली असे की, वेळ आली तर घरातल्या बाईला ती हातानं सोडणं शक्य नव्हतं. कारण विचारलं तर हवा गळत होती म्हणून. गळतीला साधा वायसर पुरतो, पण घरात पकड असते, वायसर नसतो.

पेण-रोह्याच्या घरांत विस्तवावर पहारा ठेवायची जी जी साधनं आली, त्यांची गत मी पुढं पन्नासेक वर्षं अशीच पाहिली. कुणीतरी कुठंतरी माणसं दगावल्यावर, डोकं लावून साधन बसवतं. घरात आल्यावर ते आडवं येतं. मग मेकॅनिकला गळ घातली जाते, "डायरेक्ट करून द्या ना." म्हणजे पहाऱ्याचं साधन मधून काढून सरळ जोडणी. आमच्या धंद्यातला हा शब्द आता गिऱ्हाइकांनाही पाठ झाला आहे.

चुलीला डायरेक्ट करण्यासारखं काही नव्हतं. कातकऱ्यांच्या बायका डोंगरातून लाकडाच्या मोळ्या आणत, नारळाची सोडणं आणि झावळ्या परसातल्याच. पेण म्हणजे पोह्यांचं गाव, भाताच्या गिरण्या पुष्कळ, त्यामुळे तूस स्वस्तात मिळे. काही घरांत भुशाची शेगडी असायची. मधे बाटली उभी धरून भोवती भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि खालच्या भोकातून पेटवायचं. एकदा पेटली की तासन् तास धुमसत राही. अंघोळीला तांब्याचा बंब. त्याचा एकच नियम होता, पाणी भरल्याशिवाय विस्तव टाकायचा नाही, नाहीतर तळाचे डाग सुटतात आणि बंब कासाराकडे जातो. रात्री चुलीतला विस्तव राखेखाली झाकायचा, वाऱ्याच्या दिवसांत तर झाकल्यावरही एकदा हात फिरवून बघायचा. हा सगळा पहारा घरातल्या बायकांच्या डोळ्यांवर आणि झोपेवर होता. बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की आजी खिडकीची झडप पूर्ण लावू देत नसे. बाहेर धो धो पाऊस असला तरी चार बोटं फट हवीच. फट कशाला, असं विचारलं तर म्हणायची, कोळसा माणसाला झोपवतो. कार्बन मोनॉक्साइड हे नाव तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

प्रायमसचा शोध स्वीडनमधला, 1892 चा, फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या माणसाचा. त्यात वात नाही. बर्नरच्या वाटीत थोडं स्पिरिट जाळून बर्नर तापवायचा, मग चावी बंद करून पंप मारायचा. हवेच्या दाबानं रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळीत त्याची वाफ होते आणि ती निळ्या जाळानं घोंघावत जळते. सगळी मेख तापवण्यात. बर्नर थंड असताना पंप मारला तर वाफेऐवजी रॉकेलच उडतं आणि पिवळा भडका होतो. त्यावर उपाय चावीचा, सोडली की दाब गेला. पंपाच्या तळाशी एक बारीक झडपही असते, टाकीतलं रॉकेल पंपात उलटं येऊ न देणारी. तिचा बूच झिजला की पंपाचा दांडा आपोआप वर येतो आणि रॉकेल हातावर उडतं. गिऱ्हाईक दुकानात येऊन "पंप उलटा मारतोय" म्हणालं की काका न बघता झडप काढायला घेत.

या स्टोनं पेण-रोह्यातल्या मध्यमवर्गाची सकाळ बदलली. एसटीची पहिली गाडी पकडणाऱ्याला दहा मिनिटांत चहा मिळू लागला. पण वर्तमानपत्रांत त्याचं नाव वेगळ्याच कारणानं येऊ लागलं. "स्टोचा भडका उडून विवाहिता भाजली." ऐंशीच्या आसपास ही बातमी इतकी ठरलेली होती की लोक ती वाचून पान उलटत. आमच्या दुकानात एकदा एक हवालदार असा स्टो घेऊन आले आणि याला काय झालं होतं ते बघा म्हणाले. मी उघडला. टाकीला पोचा नाही, जोड शाबूत, झडप कोरडी, पिन मोकळी. चावी बोटानं सुटली. बर्नरवर काजळीसुद्धा नव्हती. मी सांगितलं, या स्टोला काहीही झालेलं नाही. त्यांनी मान हलवली आणि तो पिशवीत घालून गेले. पुढं मला कुणी काही विचारलं नाही. 1983 मध्ये भारतीय दंडविधानात सासरच्या छळाविरुद्धचं 498-अ कलम आलं, 1986 मध्ये हुंडाबळीचं 304-ब. भडके स्टोचेही होत, ते मी नाकारत नाही. रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असली तर चांगला स्टोही धोक्याचा. पण स्टो दुरुस्त करणाऱ्या माणसांना विचारलं असतं तर बऱ्याच बातम्यांमधून स्टोचं नाव गळलं असतं, असं माझं मत आहे.

गॅस पेणेत पोचायच्या आधी मुंबईत दोन वाटांनी आला होता. लालबागच्या बॉम्बे गॅस कंपनीचा कोळशापासून काढलेला गॅस पाइपनं, आधी रस्त्यावरच्या दिव्यांना आणि मग काही घरांना. तिथली गॅस कंपनी गल्ली अजून त्या नावानं ओळखतात. दुसरा टाकीतला. 1955 मध्ये बर्मा शेलनं तो 'बर्शेन' या नावानं विकायला सुरुवात केली. पुढं बर्मा शेलचं भारत पेट्रोलियम झालं, एस्सोचं हिंदुस्थान पेट्रोलियम. इंडेनचं पहिलं कनेक्शन 1965 चं, कोलकात्यातलं. आमच्याकडे टाकी आली ती त्यानंतर बऱ्याच सावकाशीनं आणि वशिल्यानं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, खासदारांच्या कोट्यातलं कूपन मिळालं तर नशीब. गंमत म्हणजे, बॉम्बे हायचं तेल आणि गॅस 1978 पासून समुद्राखालच्या पाइपमधून आमच्याच जिल्ह्यात, उरणला, उतरत होता. पुढं त्यावर थळचा खत कारखाना चालला, उसरचा गॅस प्रकल्प उभा राहिला, पेण तालुक्यातच डोलवीला लोखंड करणाऱ्या भट्ट्या या गॅसवर पेटल्या. पेणच्या बाईला मात्र टाकीसाठी नंबर लावावा लागत होता.

गॅस आला आणि दुकानात स्टो कमी झाले. मी एका गॅस एजन्सीत मेकॅनिक म्हणून लागलो. पहिल्या दिवसांतला सगळ्यात मोठा वाद शेगडी कुठं ठेवायची यावरून होई. बायका चुलीपुढं पाटावर बसून स्वयंपाक करत, त्यामुळे शेगडीही जमिनीवर मांडत, शेजारी टाकी उभी. नियम असा की टाकी उभीच हवी आणि शेगडी टाकीपेक्षा उंच. याला शास्त्र आहे. टाकीतला गॅस प्रोपेन आणि ब्युटेनचा, हवेपेक्षा दीड-दोन पट जड. गळला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो. आमच्याकडच्या घरांना उंबरा असतो, त्यामुळे तो स्वयंपाकघरातच साचतो, आणि कोपऱ्यात मोरी असली तर तिच्यात उतरतो. हवेत त्याचं प्रमाण दोन ते नऊ टक्क्यांच्या मधे आलं की ठिणगी पुरे. एजन्सीनं ओट्याशिवाय कनेक्शन जोडायचं नाही असं ठरवल्यावर गवंड्यांची चलती झाली. कडाप्पा बसला, बायका उभ्या राहून स्वयंपाक करू लागल्या, आणि सासवा म्हणू लागल्या की उभ्यानं रांधलेलं अंगी लागत नाही. गॅसवरचं खाल्लं की पोटात गॅस होतो, हेही मी गंभीर चेहऱ्यानं सांगितलेलं ऐकलं आहे.

टाकीवरच्या पहाऱ्यात मला सगळ्यात हुशार वाटतो तो वास. गॅसला स्वतःचा वास नसतो. 18 मार्च 1937 रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस साचून स्फोट झाला. जवळपास तीनशे जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर तिथं गॅसला वास घालायचे कायदे झाले आणि जगभर ती रीत पसरली. आपल्या टाकीत इथिल मर्कॅप्टन असतं, चिमूटभर, पण नाकाला लगेच कळतं. हा पहारेकरी कुणाला डायरेक्ट करता येत नाही. उदबत्ती लावून झाकता मात्र येतो. दुसरा पहारेकरी रेग्युलेटर. उन्हाळ्यात टाकीत दर चौरस सेंटिमीटरला पाच-सात किलोचा दाब असतो, तो उतरवून रेग्युलेटर शेगडीला तीस ग्रॅम देतो. म्हणून त्याला ठोकायचं नाही, उघडायचं नाही, बिघडला तर बदलायचा. टाकीच्या मानेपाशी आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी, डी तसेच पुढं. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. इतक्या वर्षांत ते वाचून टाकी परत करणारं गिऱ्हाईक मला क्वचित भेटलं. नारिंगी सुरक्षा नळीच्या आत तारेची जाळी असते, तिचं आयुष्य पाच वर्षांचं. खारेपाटाकडच्या गावांत खाऱ्या हवेनं शेगडीचे पाय आणि टाकीचं बूड गंजतं, तेव्हा तिकडे गेलो की आधी खाली वाकून बूड बघायची सवय लागली. आणि पुराच्या गावांसाठी एक गोष्ट, भरलेली टाकीसुद्धा पाण्यावर तरंगते. तिच्यात तेहतीस लिटर पाणी मावेल एवढी जागा, आणि गॅससकट वजन तिसाच्या आसपास. कुंडलिका किंवा अंबा चढली की टाकी नळी तोडून निघते. पाणी घरात यायच्या आत रेग्युलेटर काढून टोपी लावायची.

1990 च्या नोव्हेंबरात रोहे तालुक्यात नागोठण्याच्या गॅस क्रॅकर कारखान्यात गळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून जास्त माणसं गेली. पुढचे कितीतरी दिवस एजन्सीत गळती तपासायला रांग होती. एरवी काडी ओढून गळती बघणारे लोकही साबणाचं पाणी करून घेऊन जात. पुढं काड्या परत आल्या.

बंब गेला तो गॅस गीझरमुळे. विजेचं बिल नको, वीज गेली तरी गरम पाणी, म्हणून आमच्याकडे तो झपाट्यानं पसरला. "दादा, पेटतच नाय ओ," असा फोन आला की मी आधी तीन गोष्टी विचारतो. सेल कधी बदलले? वरच्या टाकीत पाणी किती आहे? गॅसची टाकी नवी लावली का? गीझरच्या खाली दीड व्होल्टचे दोन मोठे सेल असतात, ते उतरले की टकटक आवाज मरतो. पाणी आत शिरलं की एक रबरी पडदा फुगतो, तो एका दांड्याला ढकलतो, दांडा बारीक स्विच दाबतो आणि मगच ठिणगी पडते. म्हणजे पाणी वाहत नसेल तर जाळ नाही, बंबाचा तो जुना नियम इथं पडद्यात घातला आहे. पावसाळ्यात नळाला गाळ येतो, आत शिरायच्या जाळीत तो बसतो, पाणी मंदावतं, पडदा फुगत नाही. माझ्या निम्म्या तक्रारी जुन्या दातब्रशनं ती जाळी घासून मिटल्या आहेत. टाकी नवी असेल तर नळीत हवा असते, दोन-चारदा नळ उघडबंद केला की जाते.

बर्नरसमोर दोन काड्या दिसतात. एक ठिणगी पाडते, दुसरी नुसती जाळात उभी असते. ती पहारेकरी. जाळ विजेला थोडी वाट देतो, त्या वाटेनं अगदी क्षीण प्रवाह तिच्यातून जातो. तो आहे तोवर गॅसची झडप उघडी राहते. जाळ गेला की प्रवाह तुटतो आणि झडप बंद होते. तिच्यावर काजळी किंवा पांढरा थर चढला तर जाळ असूनही तो तिला जाणवत नाही, गीझर पेटतो आणि तीन-चार सेकंदांत विझतो. लोकांना वाटतं गीझर गेला. काडी पुसायची असते. पुसण्याऐवजी डायरेक्ट करून देणारे कारागीर आहेत. अशा घरात मी गेलो तर आधी वायर तोडतो आणि मग बोलणी खातो.

काही गीझरांना वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते. तिचा राग सगळ्यांना येतो, घरात पाच माणसं असतात. मी त्यांना हिशेब सांगतो. घरगुती गीझर तासाला साधारण किलोभर गॅस खातो. किलोभर गॅस नीट जळायला बारा घनमीटर हवा लागते. म्हणजे वीस मिनिटांना चार घनमीटर. आपल्या चाळीतलं चार बाय पाच फुटांचं न्हाणीघर, उंची नऊ फूट, त्यात हवा मावते जेमतेम पाच घनमीटर. थंडीत खिडकी लावलेली, दाराखाली पायपुसणं. वीस मिनिटं व्हायच्या कितीतरी आधी जाळाला प्राणवायू अपुरा पडतो, जाळ निळ्याचा पिवळा होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही, मर्कॅप्टन तर जळून गेलेलं असतं. न्हाणीघरात गीझरमुळे तरुण माणसं दगावल्याच्या बातम्या मुंबई-नाशिकहून दर हिवाळ्यात येतात. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत. आत फक्त गरम पाण्याचा पाइप. आत लावून द्या म्हणणाऱ्याचं काम मी घेत नाही, मग तो नातेवाईक असला तरी.

एजन्सीतून निवृत्त झाल्यावर पुतणीकडे मिशिगनला गेलो होतो. तिथं घर तापवायला तळघरात गॅसची भट्टी असते, तिला ते लोक फर्नेस म्हणतात. जानेवारीतल्या एका पहाटे घर गार पडलं. पुतणी घाबरली, मला मात्र ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. पुढच्या दाराच्या काचेतून बघितलं तर लाल दिवा ठरावीक अंतरानं लुकलुकत होता. दाराच्या आतल्या बाजूला तक्ता चिकटवलेला, किती लुकलुकींना कोणता बिघाड. तिनं परत चालू केल्यावर मी टॉर्च धरून बसलो. आधी धूर ओढणारा छोटा पंखा फिरला. तो खरंच हवा ओढतोय याची खात्री एक दाबाचा स्विच करून घेतो. बाहेरच्या पाइपवर बर्फ साचलं असतं तर गाडी तिथंच अडली असती. मग एक पट्टी लालबुंद झाली, गॅस सुटला, जाळ धरला. तीन-चार सेकंदांत विझला. पुन्हा तसंच, आणि तिसऱ्यांदा झाल्यावर यंत्रानं हात वर केले. मी म्हटलं, काडीवर थर बसलाय. तिथं भट्टी दुरुस्त करायला परवानाधारक माणूस बोलावतात, म्हणून मी हात लावला नाही. माणूस आला, एक स्क्रू काढून काडी बाहेर घेतली, बारीक तारेच्या घाशीनं पुसली, परत बसवली. घर तापलं. त्यानं मला आणखी दोन पहारेकरी दाखवले. हवेची गाळणी तुंबून भट्टी फार तापली तर तोडणारा एक स्विच, आणि जाळ पुढं बाहेर यायला लागला तर तोडणारा दुसरा, जो हातानं दाबल्याशिवाय पुन्हा चालू होत नाही. मी त्याला खुणेनं आणि पुतणीच्या तोंडून विचारलं, इथं लोक हे डायरेक्ट करतात का? तो हसला. म्हणाला, म्हणूनच वरच्या मजल्यावर मोनॉक्साइडची घंटा लावलेली असते.

आता रायगड जिल्ह्यात पाइपचा गॅस पसरवण्याचं काम महानगर गॅसकडे आहे. हा नैसर्गिक गॅस, म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि हवेपेक्षा हलका. शेगडीचे नोझल बदलावे लागतात, टाकीच्या गॅसचे बारीक नोझल त्याला चालत नाहीत. ते काम कंपनीचा माणूस करतो, ते लोकांना पटतं. पटत नाही ते झरोक्याचं. टाकीच्या गॅससाठी आम्हीच वर्षानुवर्षं सांगत आलो की खाली जाळी ठेवा, गळला तर जमिनीलगत बाहेर जाईल. आता हा गळला तर छताला जाणार, तेव्हा वरचा झरोका मोकळा हवा. परवा पेणेतल्या एका नव्या इमारतीत बघितलं, खालची जाळी लख्ख पुसलेली आणि वरचं भोक थर्माकोलनं बुजवलेलं. कबुतरं येतात म्हणून. कबुतरांसाठी तारेची जाळी मिळते, ती लावा आणि हा थर्माकोल आजच काढा, असं सांगून आलो. काढला की नाही ते पुढच्या खेपेला बघेन.